मला सुचलं, पण केव्हा? आराम आणि कल्पकता यांचं नातं

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, की देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं विधान गाजलं. रविवारीही माणसांना कामावर आणता येत नाही, याची त्यांना खंत वाटत होती. दोन्ही वेळा वाद झाला तो तासांवर. तब्येत, झोप, घरच्यांसाठीचा वेळ हे मुद्दे आले आणि ते रास्तच होते. पण ज्या कामात काही नवीन सुचावं लागतं, ते काम तासांनी मोजता येतं का, हे फारसं कुणी विचारलं नाही.

मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर रोज बसलेला असतो. गेल्या वर्षी भूमितीतल्या एका उदाहरणाशी एक मुलगा पाऊण तास झगडत होता. वर्तुळ, बाहेरचा एक बिंदू, तिथून काढलेल्या दोन स्पर्शिका. खोडून खोडून वहीचं पान पातळ झालं होतं. मी म्हटलं, "सोड ते. जा, तेवढा फळा पुसून टाक." तो उठला, डस्टर फिरवायला लागला आणि अर्ध्यात थांबला. खडूच्या पांढऱ्या धुरळ्यातच त्याने बोटाने वर्तुळ काढलं आणि केंद्रापासून बाहेरच्या बिंदूपर्यंत एक रेषा ओढली. तीच रेषा हवी होती. स्पर्शबिंदूंकडे जाणाऱ्या त्रिज्यांसह तिने दोन एकरूप त्रिकोण तयार होतात आणि पुढचं आपसूक सुटतं.

पाऊण तासात जे आलं नाही, ते फळा पुसताना कसं आलं?

विचार 'मी करतो', सुचतं मात्र 'मला'

मराठीत आपण 'मी विचार केला' म्हणतो, पण 'मला सुचलं' म्हणतो. विचाराचा कर्ता मी असतो. सुचलेली गोष्ट मात्र माझ्याकडे येते, जशी झोप येते, भूक लागते, विसरलेलं नाव आठवतं. आता झोपायचंच, असं ठरवून डोळे घट्ट मिटले की झोप पळते. अंथरूण घालणं आणि दिवा मालवणं एवढंच आपल्या हातात असतं. सुचण्याचंही पुष्कळसं तसंच आहे.

पुढे जाण्याआधी दोन शब्द नक्की करू. कल्पकता म्हणजे नवीन असेल आणि कामालाही येईल असं काही सुचणं. ते कविता असेल किंवा गळक्या नळाला लावलेली जुगाडाची चकती. आणि आराम म्हणजे नुसतं आडवं होणं नव्हे. अंगावरचा ताण उतरलेला असणं आणि लक्ष कुठल्याही एका गोष्टीला जखडलेलं नसणं, असा अर्थ इथे धरू.

आता एक कोडं. 'सूर्य', 'पाखरू' आणि 'बाजार' या तिन्ही शब्दांना आधी किंवा नंतर जोडता येईल असा एकच शब्द कोणता? लगेच सुचलं तर उत्तम. नाही सुचलं तर तिथेच अडून बसू नका, वाचत राहा. उत्तर पुढे येईल.

शटर खाली, आत लावालाव

रिकामा बसलेला माणूस म्हणजे बंद पडलेला मेंदू, अशी समजूत शास्त्रज्ञांचीही बराच काळ होती. जर्मनीतल्या येना शहरातले डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये माणसाच्या डोक्यावर विद्युतपट्ट्या लावून घेतलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. माणूस डोळे मिटून स्वस्थ पडला की सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा उठणाऱ्या संथ लाटा त्यात दिसत. त्याने डोळे उघडले किंवा त्याला एखादं गणित घातलं, की त्या ओसरत. या अल्फा लहरी. गाडी न्यूट्रलवर असताना इंजिनाची जशी घरघर असते, तशी ही मेंदूची घरघर असावी, असंच पुढे अनेक वर्षं मानलं गेलं.

पण हिशेब जुळत नव्हता. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के असतं आणि शरीराची २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो. अवघड गणित सोडवायला घेतलं तरी हा खर्च वाढतो तो जेमतेम ५ टक्क्यांच्या आत. म्हणजे काहीच करत नसतानाही खर्च जवळपास पुरा. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याचं एक उत्तर मांडलं. बाहेरचं काम थांबलं की मेंदूचे काही ठरावीक भाग उलट जास्त जागे होतात. जुन्या आठवणी, पुढचे बेत, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचे अंदाज, असा कारभार तिथे चालतो. या भागांच्या जाळ्याला 'डिफॉल्ट मोड' म्हणतात.

दुपारी शटर अर्धं खाली ओढलेलं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक बंद, पण आत माल हलतो आहे. मागच्या फळीवरचं पुढे येतं, दोन कोपऱ्यांतल्या वस्तू एका टोपलीत पडतात. गिऱ्हाइकांची रीघ असताना दुकानदाराला हे जमत नाही, कारण तेव्हा तो मागितलेली वस्तू काढून देण्यात गुंतलेला असतो. सुचणं म्हणजे बहुतेक वेळा असंच, लांबच्या दोन फळ्यांवरच्या वस्तूंची गाठ पडणं.

मळून मग झाकायचं

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज होतो. आरामात सुचतं, तर मग नुसताच आराम करू! तसं नाही.

पुरणपोळीची कणीक ज्यांनी केली आहे त्यांना हे सांगायला नको. कणीक आधी चांगली तिंबावी लागते, हात दमेपर्यंत. मग तेलाचा हात लावून, झाकून, तास-दोन तास ठेवायची. लगेच लाटायला घेतली तर पोळी आक्रसते, पुरण बाहेर येतं. मळताना गव्हातल्या चिवट प्रथिनांची जाळी ताणलेली असते, ती सैल पडायला वेळ हवा. तो वेळ दिला की तीच कणीक बोटाखाली तलम पसरते. पण परातीत कोरडं पीठ ठेवून ते दोन तास झाकलं, तर दोन तासांनी कोरडं पीठच मिळेल.

आन्री प्वाँकारे या फ्रेंच गणितज्ञाने आपला अनुभव १९०८ मध्ये पॅरिसच्या एका व्याख्यानात सांगितला होता. फ्रान्समधल्या कान शहरात राहत असताना ते एका अवघड प्रश्नामागे लागले होते. पंधरा दिवस रोज टेबलाशी बसायचे, तास-दोन तास. पुढे एका भूगर्भशास्त्रीय सहलीला निघाले आणि प्रवासाच्या गडबडीत गणित विसरून गेले. कुतांस गावी घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी जाणवलं, की आपली नवी फलनं (फंक्शन्स) आणि युक्लिडबाह्य, म्हणजे शाळेतल्यापेक्षा वेगळ्या नियमांची, भूमिती यांच्यामागे एकच रचना आहे. गाडीत बसून त्यांनी सोबत्याशी अर्धवट राहिलेल्या गप्पा पुढे चालू ठेवल्या. परतल्यावर सवडीने ताळा केला, तो जुळला. बजावून सांगितलं ते हे, की मनाच्या आड होणारं काम फळतं ते आधी आणि नंतर जाणीवपूर्वक मेहनत असेल तरच.

१९२६ मध्ये ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने याचे चार टप्पे सांगितले: तयारी, उबवण, उजळणं आणि पडताळा. 'उबवण' हा शब्द मला फार आवडतो. कोंबडी अंड्यावर बसते तेव्हा बाहेरून काहीच घडत नसतं. २००९ मध्ये अशा ११७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. मधली विश्रांती खरोखर उपयोगी पडते, आणि आधी जास्त वेळ झटलेल्यांना जास्त, असं त्यात दिसलं.

चाकोरी विसरावी लागते

उबवणीत नेमकं होतं काय? एक उत्तर अगदी साधं आहे. चुकीची वाट विसरायला वेळ मिळतो.

१९४२ मध्ये अब्राहम लुचिन्स यांनी लोकांना भांड्यांची कोडी घातली. तीन भांडी आहेत, २१, १२७ आणि ३ मापांची. १०० मापं पाणी मोजून द्या. युक्ती अशी: मोठं भांडं भरा, त्यातून पहिलं एकदा भरून काढा, तिसरं दोनदा. १२७ मधून २१ आणि ६ गेले, राहिले १००. याच युक्तीने सुटणारी बरीच कोडी झाल्यावर पुढचं आलं: भांडी २३, ४९ आणि ३ मापांची, हवी २० मापं. लोकांनी ४९ मधून २३ काढले, मग दोनदा ३ काढले आणि २० आणून दाखवले. २३ मधून ३ काढले की संपलं, हे बहुतेकांना दिसलंच नाही. त्या आधीच्या कोड्यांतून न गेलेल्यांना ते सहज दिसत होतं.

माझ्या त्या विद्यार्थ्याचं हेच झालं होतं. तो तीच आकृती पुन्हा पुन्हा काढत होता. जितका जोर लावायचा तितका त्याच चाकोरीत रुतायचा.

ताण असला की हे आणखी घट्ट होतं. घाबरल्यावर शरीर नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन सोडतं आणि लक्षाचा झोत बारीक होतो. अंधारात विजेरीचं तोंड फिरवून झोत एकवटावा तसा. समोर साप असेल तर हेच हवं. पण हरवलेली किल्ली घरभर कुठेतरी असेल तर बारीक झोत काय कामाचा? तिथे खोलीतला दिवाच लावावा लागतो.

अमेरिकेतले मार्क बीमन आणि जॉन कूनिओस यांनी आपल्या कोड्यासारखीच तीन-तीन शब्दांची कोडी लोकांना घातली आणि ते सोडवत असताना त्यांच्या मेंदूच्या लहरी टिपल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात उत्तर लख्खकन सुचण्याच्या सुमारे तृतीयांश सेकंद आधी उजव्या कानाच्या वर असलेल्या मेंदूच्या भागात जोराची हालचाल दिसली. पण त्याच्याही आधी डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे डोळ्यांकडून येणारी माहिती पोचते, तिथे अल्फा लहरी वाढल्या. म्हणजे मेंदूने क्षणभर बाहेरचं दिसणं मंद केलं. अवघड काही आठवताना आपण छताकडे बघतो किंवा डोळे मिटतो, त्याचं हे मेंदूतलं रूप. बर्गर यांच्या लहरींना निव्वळ घरघर समजणं चूक होतं.

कोड्याचं उत्तर: फूल. सूर्यफूल, फुलपाखरू, फुलबाजार.

डुलकीतले पंधरा सेकंद

वामकुक्षीची थट्टा करणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

एडिसनबद्दल सांगतात, की ते हातात धातूचे गोळे धरून खुर्चीत डोळा लागू देत. झोप लागली की हात सैल पडे, गोळे खाली पडत, आवाजाने जाग येई आणि त्या उंबरठ्यावर जे मनात असेल ते ते टिपून घेत. २०२१ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी याच गोष्टीची परीक्षा घेतली. १०३ जणांना आकड्यांची कंटाळवाणी उदाहरणं दिली. त्यांत एक छुपा नियम होता, तो सापडला तर उत्तर चटकन येई. ज्यांना तो सापडला नाही त्यांना अंधाऱ्या खोलीत, आरामखुर्चीत, हातात एक वस्तू धरून २० मिनिटं स्वस्थ बसवलं. नंतर पुन्हा तीच उदाहरणं.

जे जागेच राहिले, त्यांच्यापैकी ३० टक्क्यांना नियम सापडला. झोपेच्या पहिल्या पायरीवर निदान १५ सेकंद टेकलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना. आणि त्याहून खोल झोपेत गेलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांना. गटांची संख्या लहान होती, तेव्हा या आकड्यांवर शेवटची मोहोर उमटवायला नको. तरी पापण्या जड होतात, टीव्हीचा आवाज लांबून येतो आणि मनात भलतीच चित्रं सरकायला लागतात, ती वेळ फुकट जात नाही, एवढं म्हणायला हरकत नाही.

मोबाइल बघत पडणं हा आराम नाही का?

शरीराला असेल, लक्षाला नाही. दर काही सेकंदांनी नवं चित्र, नवा आवाज, नवी बातमी. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर शटर खाली ओढून मागच्या दाराने गिऱ्हाइकं आत घेतल्यासारखं. बसस्टॉपवर उभं असताना, दूध तापायची वाट बघताना, लिफ्टमध्ये, जे दोन-चार मिनिटांचे रिकामे तुकडे पूर्वी आपोआप मिळत, ते आपण एकेक करून भरून टाकले आहेत. मला याची खरोखर काळजी वाटते, कारण माझ्या वर्गातली मुलं आता पाच मिनिटंही नुसती बसू शकत नाहीत.

चालणं मात्र जमतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या २०१४ च्या एका अभ्यासात लोकांना नेहमीच्या वस्तूंचे वेगळे उपयोग सांगायला लावलं. बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना सरासरी ६० टक्के जास्त कल्पना सुचल्या, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही. मात्र ज्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं, तिथे चालण्याचा फायदा झाला नाही. तेव्हा आयकर विवरणपत्र टेबलाशी बसूनच भरावं.

रिकामं मन सैतानाचं घर, असं म्हणतात ना?

त्यात तथ्य आहे. २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २२५० जणांना दिवसभरात अवचित फोनवरून विचारलं, आत्ता काय करता आहात आणि मन कुठे आहे? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं, आणि अशा वेळी माणसं कमी आनंदी होती. मोकळं सोडलेलं मन काळजीच्या गोठ्यात जाऊन उभं राहतं, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव. तिथे रवंथ होतं, नवीन काही निघत नाही. म्हणून हाताला हलकं काहीतरी काम असणं बरं. भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या घालणं, झाडांना पाणी.

हलक्या कामात मन भटकलं की कल्पना वाढतात, असा २०१२ मधला एक प्रयोग खूप गाजला होता. नंतर इतरांनी तो करून पाहिला तेव्हा तसा निकाल आला नाही. मन जितकं भटकेल तितकं चांगलं, असं म्हणूनच कुणी सांगू नये.

'मला तर शेवटच्या रात्रीच सुचतं'

हे बरेच जण छातीठोकपणे सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. पण तो विषय महिनाभर त्यांच्या डोक्यात घोळत असतो. कणीक महिनाभर भिजलेली असते, शेवटच्या रात्री फक्त लाटणं होतं. ज्याला विषयच त्या रात्री कळला, त्याला विचारून बघा.

आराम कुणाच्या वाट्याला?

हा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. पाच तासांचं बिनपगारी काम, वर नोकरी किंवा शेत. त्या बाईला 'जरा स्वस्थ बस, म्हणजे सुचेल' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि तरीही महाराष्ट्रातल्या बायकांनी जे रचलं ते थक्क करणारं आहे. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसून त्यांनी ओव्या रचल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या ओव्यांची संख्याच लाखावर आहे. दळणं म्हणजे आराम नव्हता. खांदे भरून यायचे. पण जात्याची फेरी एकसुरी होती, हाताला विचार लागत नव्हता, आणि घरातलं बाकी कुणी जागं नसल्यामुळे हाक मारणारंही कुणी नव्हतं. आई, भाऊ, सासर, विठ्ठल, सगळं त्या घरघरीत एकमेकांशेजारी येऊन बसायचं. विजेची गिरणी आली, खांदे सुटले, हे चांगलंच झालं. पण ओव्याही थांबत गेल्या, कारण वाचलेला वेळ त्या बायकांना मिळाला नाही, दुसऱ्या कामांना मिळाला. सुटीचा आणि कामाच्या तासांचा वाद घालताना हा हिशेब मांडलाच पाहिजे.

सुचल्यावर उठावं लागतं

वॉलस यांच्या यादीतला शेवटचा टप्पा, पडताळा, बहुतेकांना आठवत नाही. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात ओटो लोवी नावाचे औषधशास्त्रज्ञ होते. मज्जातंतूकडून हृदयाला निरोप जातो तो विजेने की एखाद्या रसायनाने, हा त्या काळचा वाद. रसायनाने जात असावा, असं त्यांच्या मनात १९०३ मध्येच येऊन गेलं होतं, पण ते सिद्ध कसं करायचं हे सुचत नव्हतं. १९२० च्या सुमारास एका रात्री ते झोपेतून जागे झाले, एका चिठोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि पुन्हा झोपले. सकाळी ते अक्षर त्यांना स्वतःलाच लागेना. पूर्ण दिवस हळहळण्यात गेला.

दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना परत आली. या वेळी लोवी कागदाच्या वाटेला गेले नाहीत. उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकांची दोन हृदयं घेतली. पहिल्याचा मज्जातंतू उद्दीपित करून त्याचे ठोके मंद केले, आणि त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्यावर घातला. दुसऱ्याचेही ठोके मंदावले. पहाटेपर्यंत निकाल हातात होता, १९२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. त्या द्रवात जे रसायन होतं, ते अॅसिटिलकोलिन. जेवण करून आपण स्वस्थ पडतो, श्वास लांब होतो, तेव्हा हृदयाला 'आता हळू' असं सांगणारंही तेच.